उसातले दगडांचे ढीग: मॉरिशसमधले पाच दिवस

पहिला दिवस, २९ ऑक्टोबर: माएबूर

विमान उतरायला लागलं आणि खिडकीशी बसलेल्या माझ्या भावानं विचारलं, "ताई, उसात पडक्या देवळांगत काय दिसतंय गं?" खाली समुद्राच्या कडेपर्यंत हिरवागार ऊस होता आणि त्यात जागोजागी काळे, पायऱ्या-पायऱ्यांचे उंचवटे. मलाही काही कळेना.

आमचं घर कोल्हापूरकडचं, ऊसवाल्यांचं. आजोबांचं गुऱ्हाळ होतं. आता भाऊ आणि वडील मिळून शेती बघतात. मॉरिशसला यायचं माझ्या मनात बरीच वर्षं होतं, कारण जगातल्या उसाची गोष्ट गुलामांना वगळून सांगताच येत नाही आणि ती गोष्ट एकाच लहानशा बेटावर पायी फिरून बघता येते, असं वाचलं होतं. इथं हंगाम जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो. म्हणजे आमची तोडणी सुरू व्हायच्या आत इथली चालू तोडणी बघायला मिळणार होती. त्या आशेनंच भाऊ आला, नाहीतर तो रान सोडून आठवडाभर कुठं जाणारा नव्हे.

विमानतळावरून माएबूरला जाताना त्यानं गाडी थांबवायला लावली. ते उंचवटे म्हणजे दगडांचे ढीग होते. आपल्या सह्याद्रीतला असतो तसाच काळा, ज्वालामुखीचा पाषाण. एकेक ढीग चौकोनी रचलेला, पुरुष-दीड पुरुष उंच, बाजूंना ताली घातल्यासारखी दगडांची बांधणी. भावानं तळातल्या एका धोंड्याला हात लावून बघितला. दोघांनाही हलला नसता. "हे बैलानं न्हाई व्हायचं. माणसांनीच येचल्यात," तो म्हणाला. आमचा गाडीवाला भोजपुरी वळणाच्या हिंदीत म्हणाला, "पहले गुलाम लोग, फिर कुली लोग." एवढं बोलून तो पुन्हा गाडीत जाऊन बसला.

दुपारी जुन्या ग्रां पोरला डचांच्या किल्ल्याचे अवशेष बघितले. १५९८ मध्ये डच इथं पहिल्यांदा उतरले आणि १६३८ मध्ये वस्ती केली. ऊस त्यांनीच १६३९ मध्ये जावाहून आणला. आबनूसाची झाडं तोडायला मादागास्करहून शंभरावर गुलाम आणले, तर त्यातले जवळपास निम्मे पहिल्या काही आठवड्यांतच रानात पळाले. १६९५ मध्ये गुलामांनी डचांचा हा किल्लाच पेटवून दिला. पकडलेल्यांमध्ये एका बाईचं नाव नोंदलंय: बंगालची अ‍ॅना. एका पुरुषाचं नाव मलबारचा अँटनी. गुलामगिरी म्हटलं की आफ्रिकेपलीकडे आपली नजर जात नाही. या बेटावरच्या पहिल्या गुलामांत आपल्या किनाऱ्यांवरची माणसंही होती. वादळं, उंदीर आणि दुष्काळ यांना कंटाळून १७१० मध्ये डच निघून गेले. ऊस आणि रानात पळालेली माणसं तेवढी मागं राहिली.

दुसरा दिवस, ३० ऑक्टोबर: बो प्लां आणि पोर्ट लुई

उत्तरेला पाँप्लेमूसजवळ बो प्लांचा जुना साखर कारखाना आहे. १९९९ मध्ये तो बंद पडला आणि २००२ पासून तिथं साखरेचं संग्रहालय आहे. सकाळचे तीन तास आम्ही तिथं होतो. खरं तर दिवसभर थांबायला हवं होतं.

फ्रेंचांनी हे बेट घेतल्यावर माहे द लाबूर्दोने हा गव्हर्नर १७३५ मध्ये आला. त्यानं बंदर बांधलं, रस्ते केले, साखरेचे कारखाने उभे केले. हे सगळं गुलामांच्या हातून झालं. बेटावर कॉफी, नीळ, लवंग, कापूस अशी बरीच पिकं लावून बघितली गेली. पण चक्रीवादळ आलं की झाडांवरची पिकं मुळासकट जात. ऊस आडवा पडतो आणि पुन्हा उठतो. तुटला तरी खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर रानात राहिलेल्या बुंध्याला, फुटवा येतो. इथं एकदा लावलेल्या उसाची खोडवी सात-आठ वर्षं घेतात हे ऐकून भाऊ चाट पडला. आम्ही दुसऱ्या खोडव्यालाच हात जोडतो.

वादळात टिकतं म्हणून हे पीक निवडलं गेलं. पण उसाची एक खोड आहे, ती आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तुटलेला ऊस वाट बघत नाही. रानात पडून राहिला की वजन घटतं, साखरेचा उतारा घसरतो. दिवसभरात तो गाळपाला गेला पाहिजे. गुऱ्हाळ एकदा पेटलं की आजोबा रात्ररात्र झोपत नसत. चुलवणाला चिपाड घालणारा माणूस जागा, चरकात ऊस घालणारा जागा, रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, म्हणजे काहिलीपाशी, गूळ करणारा गुळव्या जागा. आमच्या घरी ही घाई वर्षाकाठी काही दिवसांची असे, आणि काम करणारी माणसं घरची, भावकीतली किंवा पैऱ्यावर, म्हणजे कामाच्या बदल्यात काम म्हणून, आलेली. इथं तीच घाई वर्षातले सहा महिने, हजारो एकरांवर, समुद्रापलीकडच्या बाजारासाठी. एवढी माणसं रात्रंदिवस राबायला स्वखुशीनं कोण येणार? मळेवाल्यांनी या अडचणीचं उत्तर माणसं विकत घेऊन काढलं. मोझांबिक आणि मादागास्करहून जहाजं भरून माणसं आणली.

जुन्या पद्धतीत रस आटवायच्या कढया भट्टीवर एका रांगेत मांडत, मोठीपासून लहानीपर्यंत. उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतायचा. ती रचना समजून घेताना मला आजोबांची काहील आठवली आणि तिच्या कडेला उभं राहिल्यावर तोंडावर येणारी वाफही. आमच्या गल्लीतल्या एका काकांची दोन बोटं चरकानं नेली होती. पण त्यांना ओढून काढायला चार माणसं धावली, बैल थांबवले. कॅरिबियन बेटांवर चरकाशेजारी धारदार हत्यार टांगून ठेवत. गुलामाचा हात रुळांत गेला तर चरक थांबवायचा नाही, हात तोडायचा. गाळप महत्त्वाचं.

नियमसुद्धा लिहून ठेवलेले होते. १७२३ मध्ये या बेटांसाठी फ्रेंच राजाचं फर्मान निघालं. गुलाम पळाला आणि महिनाभर सापडला नाही तर कान कापायचे आणि खांद्यावर राजचिन्हाचं फूल डागायचं. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडून दुसऱ्या खांद्यावर डाग. तिसऱ्यांदा मृत्युदंड. भावानं ते दोनदा वाचलं. गुराला डागतात ते त्यानं बघितलंय.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. गुलामांच्या व्यापारावर त्यांनी १८०७ मध्येच बंदी घातली होती, तरी चोरून माणसं येतच राहिली. १८२५ मध्ये इथल्या साखरेवरची इंग्लंडातली जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकी कमी झाली आणि दहा वर्षांच्या आत उत्पादन तिपटीवर गेलं. जास्त ऊस म्हणजे जास्त रान, आणि रान म्हणजे पुन्हा दगड वेचणं. कालचे ढीग बरेचसे त्या काळापासून उंचावत गेले.

मळेवाल्यांच्याही अडचणी खऱ्या होत्या. १८६६-६७ च्या हिवतापाच्या साथीत हजारो माणसं मेली. १८९२ च्या एप्रिलमधल्या वादळानं पोर्ट लुईचा मोठा भाग सपाट केला, हजाराहून अधिक जीव गेले. १९०२ मध्ये सुरा नावाच्या रोगानं ऊस ओढणारे बैल आणि खेचरं संपवली. पण प्रत्येक संकटाचा हिशेब शेवटी मजुराच्या अंगावर उतरत गेला, हे मला तिथल्या एकेका दालनात जाणवत राहिलं. शेवटी साखरेचे वेगवेगळे नमुने चाखायला देतात. एका काळपट साखरेची चव थेट आमच्या गुळासारखी होती. मला ती गिळवेना.

दुपारी पोर्ट लुईत गुलामगिरीचं संग्रहालय बघितलं. लाबूर्दोनेच्या काळातल्या लष्करी रुग्णालयाच्या दगडी इमारतीत ते आहे. गुलामांना दिलेल्या नावांपाशी मी बराच वेळ थांबले. कुणाचं नाव वारावरून, कुणाचं महिन्यावरून, कुणाचं ग्रीक-रोमन देवावरून. आईनं ठेवलेलं नाव जहाजावर चढतानाच संपलं. आपल्याकडे शेतकरी बैलालासुद्धा लाडानं, त्याचा रंग आणि चाल बघून नाव देतो.

तिसरा दिवस, ३१ ऑक्टोबर: ले मोर्न

पहाटेच निघालो. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला हा एकटा डोंगर, ५५६ मीटर उंच, तिन्ही बाजूंनी तुटलेले कडे. कोकणकडा बघितलेल्याला याची जात लगेच कळते. मळ्यांवरून पळालेले गुलाम इथं वरच्या गुहांत आणि सपाटीवर लपून राहत. इथल्या क्रिओल भाषेत त्यांना मारों म्हणतात.

चढण सुरुवातीला सोपी आहे. शेवटचा टप्पा मात्र हातापायांनी, दगडाला बिलगून चढावा लागतो. आमच्याबरोबरचा वाटाड्या स्वतः क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातला, होता, पंचविशीतला. वाटेत त्यानं एक झुडूप दाखवलं. त्याला इथं 'कानातलं' म्हणतात, लाल डुलासारखी फुलं येतात. मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, आणि रानात ते फक्त या डोंगरावर उगवतं. वर पोचल्यावर खाली प्रवाळामुळं हिरव्या-निळ्या पट्ट्यांचं पाणी दिसलं. एवढं सुंदर पाणी मी आयुष्यात बघितलं नव्हतं. वाटाड्या म्हणाला, "पाणी सगळे बघतात. तुम्ही इकडं बघा." त्यानं बोट दाखवलं तिकडं कड्यात एक खोल खाच होती.

इथली आठवण पिढ्यानुपिढ्या तोंडोतोंडी चालत आलीय. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. ही बातमी सांगायला शिपायांची तुकडी डोंगरावर आली. वरच्या माणसांना वाटलं, पकडायला आले. पुन्हा मळ्यावर जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. वाटाड्यानं हे फार हळू आवाजात सांगितलं, जणू त्याच्या घरचंच कुणीतरी गेलंय. आम्ही तिघंही बराच वेळ खाली बसून होतो. २००८ मध्ये युनेस्कोनं या डोंगराला जागतिक वारशात घेतलं. दर १ फेब्रुवारीला लोक पायथ्याशी जमतात, त्या दिवशी देशभर सुट्टी असते.

ज्यांनी उड्या टाकल्या नाहीत त्यांचं काय झालं, तेही सांगते. बेटावर तेव्हा सुमारे ६६ हजार गुलाम होते. कायद्यानं मोकळे झाल्यावरही त्यांना 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकांकडे राबायला लावलं. ते १८३९ मध्ये थांबलं. ब्रिटिश सरकारनं नुकसानभरपाई म्हणून सुमारे २१ लाख पौंड दिले. ते मालकांना दिले. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांना एक पैही नाही, रानाचा तुकडाही नाही. शिकाऊपण संपताच त्यांनी मळे सोडले आणि किनाऱ्याला, डोंगरउतारांवर जाऊन राहिले. त्यांना आळशी ठरवणारं लिखाण तेव्हा पुष्कळ झालं. मला तर वाटतं, ज्या उसानं कान कापले त्या उसाकडे पाठ फिरवण्याइतकं साधं आणि शहाणपणाचं दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी पायथ्याच्या वस्तीत सेगा ऐकला. हे गुलामांचं गाणं-नाचणं, तेही आता युनेस्कोच्या यादीत आहे. वाजवणाऱ्यांनी आधी वाळकं गवत पेटवलं आणि रावान, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं डफ, त्या जाळावर धरून शेकलं. अधूनमधून टिचकी मारून आवाज बघायचे. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "हलगी शेकत्यात बघ." हुबेहूब तसंच. कातडं तापून ताणलं, आवाज मोकळा झाला, तेव्हा कुठं नाच सुरू झाला.

चौथा दिवस, १ नोव्हेंबर: कॅस्कावेल

पश्चिमेकडचं हे गाव मराठी माणसांचं. रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून त्यांचे पूर्वज मुंबई बंदरातून इथं आले. एका ओळखीतून एका घरी जेवायचं बोलावणं होतं. दारात आजी उभ्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या. घरात सगळे क्रिओल बोलतात. आजींनी मात्र "या, या, बसा" म्हटलं आणि माझ्या भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. तो लहान मुलासारखा उभा राहिला.

इथली आडनावं ऐकून गलबलतं. गोऱ्या कारकुनानं विचारलं, बापाचं नाव काय, आणि जे कानावर पडलं ते लिहून घेतलं. त्यामुळं कुणा सखारामाचं, कुणा रामजीचं पाळण्यातलं नाव आता चार पिढ्यांचं आडनाव झालंय. मूळचं आडनाव, गाव, वाडी सगळं पुसलं. आजींनी मला विचारलं, "रत्नागिरीत आमचे कुणी असतील का?" मला उत्तर देता आलं नाही.

जेवायला डाळपुरी, टोमॅटोची रुगाय आणि शेवटी आमच्यासाठी मुद्दाम केलेली पुरणपोळी. गणेश चतुर्थीला या देशात सरकारी सुट्टी असते आणि तेव्हा इथं झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे आपली कोकणातली जाखडी. आजींच्या सुनेनं दोन पावलं करून दाखवली. गोल फिरण्याची ती लय कोकणातून आलेल्या माणसाला डोळे मिटूनही ओळखता येईल.

आजींचे सासरे मळ्यावरच्या चाळीत राहायचे. तोडणी संपून पुढची सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या महिन्यांना इथं लांत्रकूप म्हणतात. तेव्हा काम नसे, मग चिनी दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर घर चाले आणि तोडणी सुरू झाली की आधी ती वही फेडायची. भाऊ आजींना आपली उचल समजावून सांगायला लागला. म्हणजे मुकादम आधी पैसे देतो आणि टोळी हंगामभर ते तोडणीतून फेडते. आजींनी मान हलवली. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

पाचवा दिवस, २ नोव्हेंबर: आप्रवासी घाट

१८३४ च्या २ नोव्हेंबरला 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईच्या या बंदरात उतरले. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातली ती माणसं. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. गुलामगिरी संपायला तीन महिने असतानाच मळेवाल्यांनी पुढची सोय लावली होती. पुढच्या सुमारे पंचाहत्तर वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून साडेचार लाखांवर माणसं आली. १८४९ पासून ती या घाटावर उतरत. इथं त्यांना नंबर मिळे, कागद मिळे आणि मळा ठरे.

घाटाच्या दगडी पायऱ्या सोळा आहेत. आज त्या फुलांनी भरल्या होत्या. कॅस्कावेलच्या आजी मुलाबरोबर आल्या होत्या. त्यांनी हातातली जास्वंद सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवली आणि वाकून त्याच पायरीला हात लावून कपाळाला लावला. पायऱ्या त्याच काळ्या दगडाच्या. मधल्या पायऱ्या किंचित खोलगट झाल्यात.

करारावर आलेला मजूर गुलाम नव्हता. त्याला पगार होता, मुदत होती, पोराबाळांना विकता येत नव्हतं. हा फरक पुसून टाकणं ले मोर्नवरच्या माणसांवर अन्याय होईल. पण मालक तेच, मळे तेच, आणि गुलामांच्याच वस्त्यांत यांची सोय केलेली. पास नसताना मळ्याबाहेर दिसला तर भटक्या म्हणून कैद. आणि एक नियम होता, दुहेरी कपातीचा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळेवाल्यानंच मजुरांच्या बाजूनं हजारो सह्यांचा अर्ज केला, तेव्हा कुठं लंडनहून चौकशी आयोग आला.

दुहेरी कपातीची माहिती ऐकून भाऊ बाहेर भिंतीशी जाऊन उभा राहिला. मी गेले तेव्हा म्हणाला, "खाडा." आमच्याकडे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आजारपणानं एक दिवस चुकला तर मुकादम खाडा लावतो, त्या दिवसाची मजुरी जातेच, वर दंड पडतो. बाई पाळीत असो की पोटुशी. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. टोळी कारखान्याची आणि हिशेब मुकादमाचा, असं म्हणून आम्ही बांधावरून परत येत होतो.

रात्री त्यानं घरी फोन लावला. वडील म्हणाले, टोळी परवा उतरतीय, माळाच्या कडेला राहायच्या कोप्या घालणार. भाऊ म्हणाला, "माळाला नको, दादा. विहिरीजवळचं खळं मोकळं करून द्या. नळ तितपर्यंत वढून घ्या, न् बल्ब लावा दोन. आन् मुकादमाला म्हणावं, खाड्याचं मी आल्यावर बोलतो, तवर कुणाचं कापायचं न्हाई." वडिलांनी विचारलं, एवढं काय झालं. तो म्हणाला, "आल्यावर सांगतो," आणि पाइप किती फूट लागेल ते त्यांच्याशी मोजत बसला.